हॉपी रेड एल चाखणं आणि जोखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल रंगाच्या, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर घातलेल्या क्राफ्ट एलबद्दल (एल म्हणजे उबदार तापमानात आंबवलेली बिअर) जे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नुकतीच ओळख झालेल्यांचे आहेत, पुढचे परीक्षक म्हणून टेबलावर बसू पाहणाऱ्यांचे. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॉपी रेड एल म्हणजे नेमकी कोणती बिअर?

माल्टमुळे (मोड आणून वाळवलेली बार्ली) तांबूस रंग आणि कॅरॅमल, टॉफी, खरपूस पावाची चव असलेली एल घ्या. तिच्यात अमेरिकेच्या किंवा न्यूझीलंडच्या हॉप्सचा ठसठशीत वास आणि पक्का कडूपणा आणा. ती हॉपी रेड. स्पर्धांच्या भाषेत तिचं सर्वांत जवळचं नाव रेड आयपीए (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स भरपूर असलेली कडू एल).

हिचं मूळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्राफ्ट चळवळीत आहे. कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड गावात १९८३ मध्ये सुरू झालेल्या मेंडोसिनो ब्रुइंगची रेड टेल एल ही तिथल्या सुरुवातीच्या तांबूस एलपैकी एक. (याच कंपनीचा ताबा पुढे १९९७ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाकडे गेला.) त्या एलमध्ये हॉप्स बेताचे होते. पुढे हॉप्स वाढत गेले आणि बेअर रिपब्लिकची रेड रॉकेट, ग्रीन फ्लॅशची हॉप हेड रेड, पेनसिल्व्हेनियातल्या ट्रोग्सची नगेट नेक्टर अशा बिअर आल्या. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगची फाइव्ह एएम सेंट याच घराण्यातली, पण अंगाने हलकी.

या बिअरकडे माझं मागणं एकच असतं: माल्ट आणि हॉप्स यांचं घोटात लग्न लागलेलं हवं. लाल रंगाची आयपीए किंवा हॉप्स शिंपडलेली गोड अंबर एवढ्यावर भागत नाही. खालची बरीचशी उत्तरं याच एका कसोटीकडे येतात.

२. आयरिश रेड, अमेरिकन अंबर आणि रेड आयपीए यांत फरक काय?

बीजेसीपी ही बिअर परीक्षकांची संस्था १९८५ पासून काम करते आणि जगभरच्या हौशी स्पर्धांमध्ये तिचीच मार्गदर्शिका चालते. तिच्यानुसार आयरिश रेडमध्ये अल्कोहोल ३.८ ते ५ टक्के आणि कडूपणा १८ ते २८ आयबीयू (कडूपणाचं माप, प्रश्न ८) असतो. अमेरिकन अंबरमध्ये ४.५ ते ६.२ टक्के आणि २५ ते ४० आयबीयू. रेड आयपीएमध्ये ५.५ ते ७.५ टक्के आणि ४० ते ७० आयबीयू.

आकडे एकमेकांवर चढलेले दिसतात, म्हणून नाक आणि शेवट यांवर भरवसा ठेवा. आयरिश रेड नाकाशी आणली की टोस्ट आणि सौम्य कॅरॅमल येतं, हॉप्स शोधावे लागतात. अंबरमध्ये दोन्ही बरोबरीने येतात आणि गिळल्यावर थोडा गोडवा मागे राहतो. रेड आयपीएत हॉप्स आधी बोलतात, माल्ट लगेच मागून येतं, आणि घोटाचा शेवट कोरडा असतो. हा कोरडा शेवट फार महत्त्वाचा, त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

३. लाल रंग येतो कुठून? रंग मिसळतात का?

चांगल्या ब्रुअरीत रंग माल्टमधूनच येतो. क्रिस्टल माल्ट, म्युनिक आणि व्हिएन्ना माल्ट यांनी तांबूस छटा मिळते, आणि अगदी चिमूटभर भाजकी बार्ली घातली की तिला माणकासारखी लाली येते. बार्ली जास्त झाली की रंग तपकिरीकडे झुकतो आणि चवीला भाजकेपणा येतो (प्रश्न १५).

रंग एसआरएम या मापात मोजतात. रेड आयपीए साधारण ११ ते १७ च्या दरम्यान असते. पण टेबलावर मापन यंत्र नसतं, डोळेच असतात, आणि डोळे फसतात. पबच्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक बिअर लालसर वाटते. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदासमोर धरा आणि कडेचा पातळ थर पाहा, मग खरा रंग कळतो. रंगावरून प्रकार मात्र ठरवू नका. कूर्सची किलियन्स आयरिश रेड नावाने आणि रंगाने रेड आहे, पण ती लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली बिअर आहे.

४. ग्लास कोणता आणि बिअर किती थंड हवी?

ट्युलिपच्या आकाराचा किंवा तोंडाशी थोडा निमुळता ग्लास घ्या. तो नसेल तर वाइनचा साधा ग्लास उत्तम. ७५ मिलिलीटरच्या आसपास बिअर ओता, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश नको. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, आणि त्या ग्लासातल्या फेसावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

तापमान ८ ते १२ अंश सेल्सिअस. फ्रीजमधून काढलेली बाटली दहा मिनिटं बाहेर ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात पाचच पुरे. बर्फ धरलेला मग कितीही छान दिसला तरी तो परत करा. थंडीत माल्टचा वास मिटतो, कडूपणा एकटाच उरतो, आणि बिअरवर उगाच अन्याय होतो.

५. चाखायचा क्रम काय असावा?

आधी वास. ओतल्याबरोबर, फेस जिवंत असताना. हॉप्समधली तेलं पटकन उडून जातात, म्हणून रंग न्याहाळत बसलात तर सर्वांत चांगला क्षण हातून जातो. दोन-तीन छोटे हुंगे घ्या, लांब श्वास नको, नाक लवकर थकतं. सुचेल ते लगेच लिहा. मग रंग, फेस, स्वच्छता. मग पहिला घोट, तोंडभर फिरवून. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. त्यानंतर थांबा, निदान पंधरा-वीस सेकंद, आणि काय मागे राहतं ते पाहा.

बिअर थोडी कोमट झाल्यावर हेच सगळं पुन्हा करा. दोष बहुधा दुसऱ्या फेरीत उघडे पडतात. एकापेक्षा जास्त बिअर असतील तर हलकीकडून जडकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे जा. मधे पाणी आणि बिनमिठाचा पाव. त्या दिवशी अत्तर, सुवासिक तेल, मसालेदार नाश्ता टाळा. शेजारी बसलेल्याचं अत्तरही तुमची नोंद बिघडवतं.

६. वाइनसारखी थुंकून टाकायची का?

नाही. बिअरचे परीक्षक गिळतात. गिळताना घशामागून नाकात जाणारा वास आणि नंतर रेंगाळणारा कडूपणा यांशिवाय हॉपी बिअरचा निकाल देताच येत नाही. म्हणूनच नमुने छोटे असतात. गाडी चालवून परत जायचं असेल तर त्या दिवशी परीक्षण करू नका.

७. सगळे पपनस, चीड (पाइन), आंबा असं काही म्हणतात. मला नुसता हॉप्सचा वास येतो. शिकायचं कसं?

अस्सल उपाय म्हणजे हॉप्स वेगळे करून हुंगणं. ओळखीच्या मायक्रोब्रुअरीत विचारा. ब्रुअर बहुतेक वेळा हौसेने हॉप्सच्या गोळ्या दाखवतात. चार गोळ्या तळहातावर घ्या, चोळून भुकटी करा, हात गरम असतानाच नाकाशी न्या.

हॉपी रेडमध्ये भेटणाऱ्या मोजक्या जाती आधी ओळखा. कॅस्केड १९७२ मध्ये आली, तिच्यात पपनस आणि फुलं. चिनूक १९८५ ची, चिडाची राळ आणि थोडा मसाला. सेंटेनियल १९९० ची, लिंबू आणि फुलं, कॅस्केडची थोरली बहीण म्हणावी अशी. अमरिलोत संत्र्याची साल, सिमकोत चीड आणि ओली माती, सिट्रात आंबा आणि लिची.

माझं मत विचाराल तर रेडमध्ये चीड, राळ आणि संत्र्याची साल देणाऱ्या जाती जास्त शोभतात. कॅरॅमलच्या शेजारी राळ घट्ट बसते. पिकलेल्या आंब्याचा वास आणि टॉफी एकत्र आले की घोट मिठाईसारखा होतो. काही ब्रुअरांनी सिट्रा घालून सुंदर रेड केल्या आहेत, पण त्यांनी माल्ट फार कोरडं ठेवलेलं असतं.

नोंदीत फळाचं नाव आलंच पाहिजे असंही नाही. "साल, कडवट, ताजी" एवढं लिहिलं तरी ब्रुअरला उपयोग होतो. न आलेला वास दुसऱ्याच्या नोंदीतून उचलून लिहिला तर कुणालाच होत नाही.

८. आयबीयू जास्त म्हणजे बिअर जास्त कडू, बरोबर?

प्रयोगशाळेत बरोबर, जिभेवर नाही. आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्लं आहेत त्याचा आकडा. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना बदलतात आणि कडू होतात. पण ६० आयबीयूची कोरडी बिअर जितकी कडू लागते, तितकी ६० ची गोड, जड बिअर लागत नाही. पाण्याचाही हात असतो: सल्फेट जास्त असेल तर कडूपणा टोकदार होतो, क्लोराइड जास्त असेल तर माल्ट गोलसर लागतं.

म्हणून परीक्षण करताना लेबलावरचा आकडा झाका. कडूपणा कधी येतो, किती चढतो आणि कधी उतरतो एवढं लिहा. चांगल्या रेडमध्ये तो माल्टच्या पाठोपाठ येतो, शेवटी वर राहतो आणि पुढच्या घोटाआधी स्वच्छ निघून जातो. कडूपणा निघून न जाता तोंड आवळत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, प्रश्न १० पाहा.

९. माझ्या हातातली रेड गोड लागते. हा तिचा स्वभाव की दोष?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक हॉपी रेड इथेच फसतात.

गोड वास आणि गोड चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी त्या वेगळ्या करा. कॅरॅमल, टॉफी, मनुका यांचा वास रेडमध्ये हवाच. तो नसेल तर लाल रंग कशासाठी? पण तोच गोडवा गिळल्यानंतर जिभेवर बसून राहिला, ओठ चिकट झाले, तर बिअर चुकली. नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असतानाही स्पष्ट गोड लागलं तर साखर खरोखर उरलेली आहे. नाक सोडल्यावरच गोड वाटलं तर तो माल्टचा वास आहे, आणि तो गुण आहे.

साखर उरते ती बहुधा क्रिस्टल माल्टमुळे. हे माल्ट बनवताना मोड आलेली ओली बार्ली बंद ड्रममध्ये गरम करतात. दाण्यातल्या पिठाची साखर दाण्यातच होते, मग ती भाजली जाते. या साखरेचा बराच भाग यीस्टला खाता येत नाही, तो बिअरमध्ये अंग आणि गोडवा म्हणून राहतो. लाल रंग हवा म्हणून ब्रुअरने क्रिस्टल वाढवत नेलं की रंग मिळतो, पण शेवट जड होतो आणि हॉप्स त्यात बुडतात. मग हॉप्स वाढवायचे, म्हणजे कडू आणि गोड दोन्ही ओरडू लागतात. असा ग्लास पहिल्या घोटाला दमदार वाटतो आणि अर्ध्यावर नकोसा होतो.

याला उत्तर काय असू शकतं ते नगेट नेक्टरमध्ये दिसतं. ट्रोग्स या बिअरसाठी पिल्सनर, व्हिएन्ना आणि म्युनिक माल्ट वापरतात. अल्कोहोल ७.५ टक्के, कडूपणा ९३ आयबीयू. म्युनिक आणि व्हिएन्नामधून खरपूस पावाची भरदार चव येते, पण मागे चिकटपणा राहत नाही, म्हणून एवढे हॉप्स तिला पेलतात. प्रत्येक रेड अशीच असावी असं नाही. बेताचं क्रिस्टल वापरून केलेल्या सुरेख रेड आहेत. पण गोडवा हा रेडचा स्वभावच आहे असं कुणी म्हटलं तर मी सहमत नाही. बीजेसीपीच्या वर्णनातही रेड आयपीएचा शेवट कोरड्याकडे झुकणाराच अपेक्षित आहे.

एक अपवाद: बिअर फारच थंड किंवा फारच कोमट असेल, किंवा तिच्यातला वायू उडून गेला असेल, तर गोडव्याचा निकाल देऊ नका. सपाट झालेली कुठलीही बिअर गोड लागते.

१०. कडू आणि तुरट यांत गोंधळ होतो. कसं ओळखू?

कडूपणा ही चव आहे, तुरटपणा हा स्पर्श आहे. घोट गिळून जीभ टाळूवर फिरवा. टाळू खरखरीत, कोरडी लागली, कच्चं केळं खाल्ल्यासारखी, तर तो तुरटपणा. रेडमध्ये तो दोन वाटांनी येतो: माल्ट धुताना पाणी फार गरम किंवा अल्कलीयुक्त असेल तर टरफलातून, आणि ड्राय हॉपिंग (उकळल्यानंतर, आंबवताना किंवा त्यानंतर हॉप्स घालणं) फार किंवा फार दिवस केलं तर पानांतून. थोडासा खरखरीतपणा हॉपी बिअरमध्ये चालतो. तिसऱ्या घोटाला तो पहिल्यापेक्षा जास्त वाटला तर गुण कापा, आणि कापताना "कडू" असं लिहू नका. ब्रुअर मग हॉप्स कमी करेल आणि दोष तसाच राहील.

११. बटरस्कॉचसारखा वास आला. तो टॉफीचा की दोषाचा?

लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास डायअ‍ॅसिटिल या पदार्थामुळे येतो. आंबवताना यीस्ट तो तयार होऊ देतं आणि वेळ मिळाला तर स्वतःच साफ करतं. फिक्या लागरमध्ये तो लगेच कळतो. रेडमध्ये कॅरॅमलच्या आड लपतो, म्हणून अनुभवी माणसंही इथे अडखळतात.

ग्लास तळहातात धरून गरम करा, वरून हात झाका, मिनिटभराने हुंगा. माल्टची टॉफी पावाबरोबर येते, तिच्यामागे खरपूसपणा असतो. डायअ‍ॅसिटिल एकटं येतं, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखं. मग घोट घेऊन जीभ दातांमागे फिरवा. तेलकट, निसरडं वाटलं तर शंका पक्की.

हॉपी बिअरमध्ये आणखी एक गुंता आहे. ड्राय हॉप्समध्ये विकरं असतात. ती उरलेली जटिल साखर फोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि नव्याने डायअ‍ॅसिटिल तयार होतं. ब्रुअरीतून निघताना निर्दोष असलेली बिअर बाटलीत जाऊन लोण्याची होऊ शकते. तेव्हा ब्रुअरने "आमच्याकडे तर नव्हता" असं म्हटलं तर ते खरं असू शकतं. नोंद मात्र समोरच्या ग्लासाचीच करायची.

१२. बिअर जुनी झाली आहे हे चवीवरून कसं कळतं?

हॉपी रेड दोन बाजूंनी म्हातारी होते. हॉप्सचा ताजा वास आधी विरतो. त्याच वेळी माल्टकडून खजूर, मध, शेरी असे वास वाढत जातात. शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा सपाट वास येतो. हे सगळं प्राणवायूचं काम. रंगही किंचित गडद होतो.

घोळ असा की खजूर आणि मनुका रेडमध्ये मुळातही असू शकतात. म्हणून खजूर आला की लगेच "जुनी" लिहू नका, हॉप्स पाहा. खजुराबरोबर संत्र्याची साल ताजी असेल तर तो माल्टचा गुण. खजूर आहे, हॉप्सचा वास नाही, आणि कडूपणा मात्र उघडा पडला आहे, तर बिअर जुनी आहे.

साठवणीचा एक ठोकताळा ब्रुअर वापरतात: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, तिन्ही ठिकाणी बिअर साधारण सारखीच शिळी होते. तो नियम नव्हे, अंदाज आहे. पण दुकानातल्या उघड्या कपाटात एप्रिल महिना काढलेल्या बाटलीचं काय होत असेल ते त्यावरून समजावं. बाटली घेताना आधी तारीख पाहा, मग ती फ्रीजमध्ये होती का ते विचारा.

१३. उग्र, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या अमेरिकी प्राण्यासारखा घाण वास आला, तोही हॉप्सचा का?

हॉप्समधूनच आला, पण उजेडामुळे. हॉप्समधले कडू पदार्थ प्रकाशात फुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. तपकिरी बाटली बरंच संरक्षण देते, हिरवी आणि पांढरी जवळपास नाही, कॅन पूर्ण. ग्लासात ओतून उन्हात ठेवलेली बिअर काही मिनिटांतच बिघडते, म्हणून शॅकवर बसलात तर सावलीत बसा.

१४. गढूळ असेल तर गुण कापायचे का?

ड्राय हॉपिंगमुळे आलेला हलका धूसरपणा चालतो. चिखलासारखी, तळाशी कण असलेली रेड नको. गुणपत्रिकेत दिसण्याला मिळून ३ गुण आहेत, तेव्हा इथे फार अडून बसू नका.

१५. कॉफीसारखी चव लागली तर?

रेड आयपीएत ठळक भाजकेपणा बसत नाही. किंचित कोरडा, टोस्टच्या कडेसारखा स्पर्श आयरिश रेडमध्ये शोभतो. कॉफी किंवा करपट लागलं तर बिअर ब्राउन किंवा ब्लॅक आयपीएच्या वाटेला गेली आहे. बिअर म्हणून ती छान असू शकते, म्हणून शेऱ्यात ब्रुअरला दुसरा गट सुचवा.

१६. ५० गुणांची विभागणी कशी असते?

बीजेसीपीच्या पत्रिकेत वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण ठशाला १० गुण असतात. ४५ ते ५० असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० सामान्य. अगदी बिघडलेल्या बिअरलाही १३ पेक्षा कमी न देण्याचा शिरस्ता आहे.

हॉपी रेडसाठी मी वास आणि चव या दोन रकान्यांत प्रत्येकी तीन गोष्टी लिहिल्याशिवाय आकडा टाकत नाही: हॉप्स, माल्ट, आणि दोघांचं जुळणं. तिसरी गोष्ट लिहायला लागलं की आकडा आपोआप प्रामाणिक होतो. एकूण ठशाचे १० गुण वरच्या बेरजेची सरासरी म्हणून देऊ नका. दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो का, याचं उत्तर तिथे द्यायचं. सगळ्याच स्पर्धा गुण देतात असंही नाही. डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये परीक्षक चर्चेतून पदकं ठरवतात.

१७. ५ टक्क्यांची हॉपी रेड रेड आयपीएत बसते का? आणि ८.५ टक्क्यांची?

दोन्ही बसू शकतात, ब्रुअरने तसं सांगितलं असेल तर. बीजेसीपीच्या २०२१ च्या आवृत्तीत विशेष आयपीएंना ताकदीच्या पायऱ्या आहेत: सेशन ३ ते ५, स्टँडर्ड ५ ते ७.५, डबल ७.५ ते १० टक्के. फाइव्ह एएम सेंट ५ टक्क्यांची आहे, तेव्हा तिच्यासारखी बिअर सेशनच्या किंवा स्टँडर्डच्या उंबरठ्यावर येते. परीक्षकाने ब्रुअरने लिहिलेली पायरी वाचायची आणि तिच्याच मापाने मोजायचं. सेशनमध्ये अंग हलकं असणारच. डबलमध्ये अल्कोहोलची ऊब चालते, घसा जाळणारी चालत नाही. आणि डबलमध्येही शेवट कोरडा लागतो, किंबहुना तिथे तो जास्त कठीण आणि जास्त गरजेचा असतो.

१८. मला कडू बिअर आवडतच नाही. मी परीक्षण करू शकते का?

करू शकता, आणि कधी कधी जास्त चांगलं. ज्याला हॉप्स फार आवडतात तो माल्टचा दोष सहज माफ करतो. वर्णनाचा कागद समोर ठेवा, ग्लासात काय आहे ते आधी लिहा, आवडीनिवडीचा विचार फक्त शेवटच्या १० गुणांत आणि तिथेही जपून. वास हुंगताच चेहरा वाकडा करू नका, शेजारच्या परीक्षकाचं मत तिथेच ठरून जातं.

१९. मी ३८ दिले, शेजाऱ्याने २६. आता?

दोघांनी गुण लिहून होईपर्यंत बोललेलं नसेल तर हा फरक मोलाचा आहे. स्पर्धांत साधारणपणे परीक्षकांचे गुण ७ च्या आत आणायला सांगतात. पण मधला आकडा गाठू नका, कारण शोधा. हॉपी रेडमध्ये एवढा फरक बहुधा डायअ‍ॅसिटिलमुळे पडतो, कारण ते ओळखण्याची क्षमता माणसागणिक फार वेगळी असते. दोघांनी मिळून प्रश्न ११ मधली तपासणी करा. कधी बाटलीच्या तळाचा ग्लास एकाला गेलेला असतो. शंका असेल तर दुसरी बाटली मागवा.

२०. घरी सराव कसा करू?

त्रिकोणी चाचणी करा. तीन सारखे ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. एकाच रेडची फ्रीजमधली बाटली आणि आठवडाभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिलेली बाटली अशी जोडी लावा. जुनेपणाबद्दल यातून जे कळतं ते वाचून कळत नाही. रंगावरून ओळख पटत असेल तर डोळे मिटून चाखा.

बिअर घरी बनवून सराव करावा का, असंही विचारतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा नाही.

२१. हिच्यासोबत काय खावं?

परीक्षण चालू असताना पावाशिवाय काही नाही. नंतर मात्र भाजलेलं, खरपूस काहीही: तव्यावर परतलेलं सुकं मटण, सुरमई फ्राय, कोळशावरचं कणीस. भाजण्यातला खरपूसपणा माल्टशी जुळतो आणि कडूपणा तूप-तेल कापतो. तांबड्या रश्श्यासोबत हिला बसवण्याचा मोह टाळा. कडूपणा आणि अल्कोहोल तिखट आणखी भडकवतात, आणि चांगला रस्सा व चांगली बिअर दोन्ही वाया जातात. रश्श्याला आयरिश रेड बरी.

२२. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात हॉपी रेड मिळेल का?

नेहमी नाही. डूलाली २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, तेव्हापासून पुण्यात मायक्रोब्रुअऱ्या वाढल्या, पण इथल्या फळ्यावर गव्हाची बिअर, सायडर आणि आयपीए जास्त दिसतात. रेड असेल तर ती बहुधा आयरिश घराण्यातली असते. बेंगळुरूहून आलेल्या टॉइटची टॉइट रेड तशीच, आणि तिला हॉपी रेडच्या मापाने मोजणं अन्यायाचं होईल. हॉपी रेड हंगामी बॅच म्हणून येते. फळ्यावर दिसली की टाकी कधी भरली ते विचारा, आणि ताजी असतानाच प्या. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे.

२३. टॅपवरची रेड आंबट लागली. दोष ब्रुअरीचा की पबचा?

आधी पबवर संशय घ्या. टॅपच्या नळीत साचलेल्या जिवाणूंमुळे आंबटपणा आणि लोण्याचा वास दोन्ही येतात. नळ्या दर १४ दिवसांनी धुवाव्यात अशी अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे. त्याच टॅपवरचा दुसरा ग्लास मागवा. पहिला आंबट आणि दुसरा ठीक निघाला तर नळीत रात्रभर उभी राहिलेली बिअर तुम्हाला मिळाली होती. दोन्ही आंबट असतील तर तीच बिअर कॅनमधून किंवा दुसऱ्या ठिकाणी चाखा, आणि तोवर ब्रुअरीबद्दल कुठेही लिहू नका.